अंबरनाथ : देवालय, गावनामे आणि औद्योगिक वसाहत

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावर उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन स्थानके पाठोपाठ येतात. मुंबईच्या चाकरमान्याच्या दृष्टीने ती एकाच उपनगरी पट्ट्यातील गर्दीची ठाणी होत. तिन्हींच्या वस्त्या एकमेकींत इतक्या मिसळल्या आहेत की कोणाची शीव कोठे संपते हे तेथील रहिवाशासही चटकन सांगता येत नाही. परंतु नावांच्या अभ्यासकाला ही तीन स्थानके तीन निरनिराळ्या जगांतील वाटतील. अंबरनाथ हे देवाचे नाव आहे. ते देवळावरून गावास आणि गावावरून तालुक्यास मिळाले. उल्हासनगर हे शासनाने एका ठरावीक दिवशी दिलेले नाव आहे. बदलापुराची व्युत्पत्ती लोककथा सांगते : या ठिकाणी मराठी फौजा वाटेत घोडे बदलीत, म्हणून हे बदलापूर. ही कथा गोड असली तरी तिला लेखी आधार नाही, आणि गावाचे नाव आधी व कथा मागाहून असा नेहमीचा प्रकार येथेही घडला असण्याचा संभव अधिक आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय मुख्यत्वे अंबरनाथ हा आहे. या शहराविषयी आजवर जे लिहिले गेले त्याचे सरळ दोन भाग पडतात. एक भाग शिलाहारकालीन शिवालयाचा, दुसरा कारखान्यांचा. आणि मध्ये सुमारे साडेआठशे वर्षांची पोकळी. देवालयाच्या अभ्यासकास कारखान्यांच्या चिमण्या दिसत नाहीत आणि उद्योगांचा इतिहास लिहिणाऱ्यास देवालय केवळ पहिल्या परिच्छेदापुरते लागते. ही पोकळी वास्तविक इतिहासात नसून साधनांच्या निवडीत आहे. दगडावरचे लेख आणि कंपन्यांचे अहवाल एवढीच साधने मानली तर मधला काळ मुका राहणारच. परंतु गावांची, पाड्यांची, नाक्यांची नावे हेही साधन आहे. आणि अंबरनाथच्या बाबतीत ते साधन आज वेगाने नाहीसे होत आहे, म्हणून त्याचा विचार तातडीने करणे अगत्याचे झाले आहे.

देवालयाचा काळ आज निर्विवाद वाटतो, पण तो एकदा दोनशे वर्षांनी चुकला होता. देवळाच्या उत्तर द्वाराच्या तुळईवर आतील बाजूस सहा ओळींचा संस्कृत लेख आहे. डॉ. भाऊ दाजी यांनी तो प्रथम प्रसिद्ध केला तेव्हा त्यातील शकवर्ष ७८२ असे वाचले गेले, म्हणजे इ. स. ८६०. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी लेखाचे नवे ठसे घेऊन वाचन तपासले आणि तो आकडा ९८२, म्हणजे इ. स. १०६० असा निश्चित केला. वाचनातील फरक एका अंकाचा. परिणाम मात्र मोठा. ७८२ मानले तर हे देऊळ राष्ट्रकूटांच्या भरभराटीच्या काळात, शिलाहार मांडलिकांच्या पहिल्या पिढ्यांत जाऊन पडते, आणि त्याच्या शिल्पशैलीचा मेळ तत्कालीन कोणत्याही वास्तूशी बसत नाही. ९८२ मानले की सारे जागच्या जागी येते. लेखात महामंडलेश्वर माम्वाणिराज याचे नाव आहे. इतर लेखांतून मुम्मुणि या नावाने येणारा उत्तर कोकणचा शिलाहार राजा तो हाच. छित्तराज, नागार्जुन आणि मुम्मुणि हे तिघे भाऊ एकामागून एक गादीवर आले. देवालयाचा आरंभ थोरल्या छित्तराजाच्या काळात झाला आणि पूर्तता धाकट्या मुम्मुणीच्या काळात झाली असे अभ्यासक सामान्यतः मानतात. छित्तराजाचा भांडुप येथे सापडलेला ताम्रपट शके ९४८ चा, म्हणजे १०२६ चा आहे. यावरून एका पिढीचे काम किती वर्षांचे होते याची कल्पना येते.

भगवानलालांचे हे वाचन म्हणजे केवळ तारखेची दुरुस्ती नव्हे. त्या काळी पुराभिलेखविद्या या देशात नुकती रांगू लागली होती आणि भाऊ दाजींचा अधिकार मोठा होता; खुद्द भगवानलाल त्यांच्याच हाताखाली तयार झाले होते. गुरूचे वाचन शिष्याने फिरवावे आणि तेही नुसत्या तर्काने नव्हे तर पुन्हा दगडापाशी जाऊन, ही गोष्ट पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

लेखात देवाचे नाव आम्रनाथ असे येते. आज गाव अंबरनाथ म्हणून ओळखले जाते, आणि गेल्या शतकातील इंग्रजी लिखाणात अमरनाथ हे रूपही वारंवार भेटते. १८६८ साली मुंबई सरकारच्या आज्ञेवरून जमशेटजी जिजीभाई कलाशाळेच्या कलावंतांनी येथील शिल्पांचे साचे, रेखाचित्रे व छायाचित्रे तयार केली. तो वृत्तान्त पुढे १८७४ साली ‘इंडियन अँटिक्वेरी’त आला तेव्हा देवळाचे नाव अमरनाथ असेच छापले गेले. तेव्हा आम्रनाथ, अमरनाथ, अंबरनाथ अशी तीन रूपे समोर आहेत. लोकांचा खुलासा सोपा आहे. गाभाऱ्याचे शिखर आज पूर्ण नाही. खोल गाभाऱ्यात उभे राहून वर पाहिले तर आकाश दिसते. म्हणून हा अंबराचा नाथ. अमरनाथाचा अर्थ तर सांगावाच लागत नाही, आणि काश्मीरच्या अमरनाथाशी त्याची सांगड घालणेही सोपे.

भाषेच्या नियमांनी पाहिले तर या दोन्ही खुलाशांची गरज उरत नाही. संस्कृत ‘आम्र’ या शब्दात म आणि र हे वर्ण एकमेकांस लागून आहेत. ओठ मिटून म उच्चारल्यावर लगेच र कडे जाताना मध्ये ब हा संक्रमक वर्ण डोकावतो. म्हणूनच प्राकृतात आम्राचे ‘अंब’ आणि ताम्राचे ‘तंब’ झाले आणि मराठीत आंबा व तांबे आले. येथे र लोपला. परंतु तो लोपलाच पाहिजे असे नाही. बाराव्या शतकातील वैयाकरण हेमचंद्र याने ‘अंब’ बरोबरच ‘अंबिर’ हे रूप देश्य म्हणून नोंदले आहे. म्हणजे देवालय बांधले गेले त्याच्या आगेमागे र टिकवून धरणारे रूप बोलण्यात होते. ब सह र टिकला आणि मध्ये स्वर आला की आम्रनाथाचा अंबरनाथ होतो. ब न येता केवळ स्वरभक्ती झाली की अमरनाथ होतो. मराठीतील ‘अमराई’ हा शब्द याच जातीचा आहे, आणि त्यातील ‘अमर’ चा मृत्यूशी वा देवांशी काही संबंध नाही हे शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. सारांश, अंबरनाथ व अमरनाथ ही दोन्ही आम्रनाथाचीच अपत्ये होत. दोघांचेही दुर्दैव असे की ध्वनिपरिवर्तनाच्या ओघात ती दुसऱ्या दोन प्रतिष्ठित शब्दांवर जाऊन आदळली. आंब्याचा देव आकाशाचा झाला.

एक शंका येथे राखून ठेवली पाहिजे. संस्कृत लेख कोरणारे पंडित देशी नावांना संस्कृत वेष चढवीत. तेव्हा ‘आम्रनाथ’ हेच मूळ आणि ‘अंबर’ त्याचा अपभ्रंश, की लोकांच्या तोंडी आधीच अंब वा अंबिर असे काही नाव असून लेखकाने त्याचे आम्र केले, हे एका लेखावरून ठरत नाही. दोन्ही पक्षी आंब्याशी असलेले नाते कायम राहते.

या शंकेला बळ देणारी एक गोष्ट त्याच वर्षाची आहे. शके ९८२ हेच वर्ष कोकणातील दिवे आगर येथील ताम्रपटावर आहे. तो ताम्रपट मराठीत आहे. मराठीच्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते आणि डॉ. शं. गो. तुळपुळे यांच्या १९६३ सालच्या ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ या संग्रहामुळे तो मराठीच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. कोकणच्या किनाऱ्यावरील गावात लोकांचा व्यवहार मराठीत तांब्यावर लिहिला जात असताना कल्याणच्या परिसरात देवालयाचा लेख संस्कृतात दगडावर कोरला जात होता. राजा बोलत होता ती भाषा आणि ज्या मजुरांनी दगड घडवला ते बोलत होते ती भाषा यांतील अंतर या दोन लेखांमध्ये मोजता येते. भाषेच्या इतिहासात असे जुळे वर्ष क्वचितच सापडते. मराठी वाङ्मयाच्या इतिहासांत दिवे आगरचा उल्लेख नित्य होतो, अंबरनाथचा होत नाही. कारण तो लेख ‘मराठी’ नाही. परंतु त्यातले देवनाम जर देशी बोलीतून आलेले असेल, तर तोही मराठीच्या इतिहासाचा दस्तऐवज आहे.

वास्तूविषयी थोडक्यात. देवालय पश्चिमाभिमुख असून सभामंडपाला पश्चिम, उत्तर व दक्षिण अशा तीन बाजूंनी मुखमंडप आहेत. मंडपातून सुमारे वीस पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जावे लागते. शिखराच्या चार अंगांवरून वर चढणारे चार शिल्पित पट्टे आणि त्यांच्या मधल्या भागांत ओळीने रचलेली लहान लहान शिखरे ही ज्या शैलीची खूण, त्या भूमिज शैलीचे हे महाराष्ट्रातील आद्य उदाहरण होय. माळव्यातील उदयपूर येथील उदयेश्वराचे देवालय, जे परमार राजा उदयादित्याने बांधविले, ते याच्या समकालीन आहे. यावरून कोकणचे मांडलिक राजे कलेच्या बाबतीत माळव्याकडे पाहत होते, हे दिसते. स्थानिक लिखाणात याला सर्रास ‘हेमाडपंती’ म्हटले जाते. हेमाद्री हा देवगिरीच्या यादवांचा तेराव्या शतकातला मंत्री. त्याच्या जन्माआधी दीड-दोनशे वर्षे हे देऊळ उभे होते. दगडी देऊळ दिसले की हेमाडपंती म्हणावयाचे ही सवय, आणि पांडवांनी एका रात्रीत बांधले असे म्हणावयाची सवय, या दोन्ही एकाच मापाच्या आहेत. फरक इतकाच की पहिली शिकलेल्यांची आहे.

तिसरी एक सवय अलीकडची. युनेस्कोने या देवालयाला जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले आहे, असे विधान पत्रकांत, भाषणांत आणि कधी कधी पाठ्यसामग्रीतही आढळते. जागतिक वारशाच्या यादीत अंबरनाथचे नाव नाही. ते भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे संरक्षित स्मारक आहे आणि तेवढे महत्त्व पुरेसे आहे. खोट्या बिरुदाने वास्तूची किंमत वाढत नाही. उलट खरा प्रश्न झाकला जातो. तो प्रश्न असा की, या शहराचा वारसा म्हणून फक्त एक देऊळच का मोजावे?

देवालयानंतर शतकानुशतके येथे काय होते, याचे उत्तर आसपासच्या गावांच्या नावांत आहे. चिखलोली, मोरिवली, जांभिवली, खुंटवली ही सारी नावे आज औद्योगिक वसाहतीच्या पत्त्यांत किंवा नगरपरिषदेच्या प्रभागांत सापडतात. त्यांच्या शेवटी येणारे ‘-वली’ हे संस्कृत-प्राकृत ‘पल्ली’चे रूप आहे : दोन स्वरांमधील प चा व झाला आणि जोड ल एकेरी झाला. डोंबिवली, कांदिवली, बोरिवली हे याच माळेतले मणी. चिखलोलीत ‘चिखल’ च्या अन्त्य अकाराशी ‘व’ मिसळून ओ झाला आहे. पल्ली म्हणजे लहान वस्ती, पाडा. ‘पूर’ किंवा ‘नगर’ या अन्त्यपदांसारखा त्यात राजसत्तेचा वास नाही. म्हणजे ठाणे-कल्याणच्या मागील खोऱ्यात, उल्हास आणि तिच्या ओढ्यांच्या काठी, झाडांच्या व चिखलाच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या शेतकरी वस्त्यांचे जाळे पसरले होते. प चा व होण्याइतका काळ ही नावे अखंड बोलण्यात राहिली, याचाच अर्थ वस्तीही अखंड राहिली. राजवटी आल्या आणि गेल्या. चिखलोली चिखलोलीच राहिली. साडेआठशे वर्षांची पोकळी म्हणून जी म्हटली जाते तिच्यात हे लोक होते. त्यांनी लेख कोरविले नाहीत एवढेच.

लोहमार्गाने हे खोरे बदलले. कल्याणपासून पळसदरीपर्यंतचा मार्ग १८५६ साली खुला झाला. वाफेच्या इंजिनांना पाणी लागे, म्हणून ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने काकोळे येथे धरण बांधले. ते लोकांत आजही जीआयपी धरण या नावानेच ओळखले जाते. कंपनी १९२५ साली सरकारकडे गेली, पुढे तिचे नावही पुसले गेले, पण तिची तीन आद्याक्षरे डोंगराच्या कुशीत राहिली. आद्याक्षरांपासून स्थलनाम बनण्याची या परिसरातली ही पहिली घटना असावी. शेवटची नाही, हे पुढे दिसेल.

पाणी, लोहमार्ग आणि मुंबई बंदराची जवळीक या तीन गोष्टींमुळे पहिल्या महायुद्धानंतर कारखानदारांची दृष्टी इकडे वळली. १९१९ साली स्थापन झालेल्या धरमसी मोरारजी केमिकल कंपनीने येथे गंधकाम्ल व सुपरफॉस्फेट खत यांचे उत्पादन सुरू केले. भारतीय रासायनिक उद्योगाच्या आरंभीच्या पर्वात या कारखान्याचे स्थान मोठे आहे. त्यापाठोपाठ आगपेट्यांचा कारखाना आला. त्याची कथा जकातीची आहे. १९२२ साली सरकारने महसुलासाठी परदेशी आगपेट्यांवरील आयात जकात भरमसाट वाढविली, ती ग्रोसला दीड रुपया झाली. जपानी व स्वीडिश माल महागला. तेव्हा जगाच्या आगपेटी-व्यापारावर पकड असलेल्या स्वीडिश कंपनीने मालाऐवजी कारखानाच हिंदुस्थानात आणला. १९२३ साली वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, संक्षेपाने विमको, स्थापन झाली आणि तिचा कारखाना अंबरनाथला उभा राहिला. महसूल वाढावा म्हणून बसविलेल्या करातून कारखाना जन्मावा हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास नवल नाही; अंबरनाथच्या इतिहासास मात्र ते निर्णायक ठरले. देशावरून व कोकणातून आलेल्या कामगारांच्या दोन-तीन पिढ्या या कारखान्यांवर वाढल्या. भोंग्यावर गावाचे घड्याळ चालू लागले. ‘कंपनी’ हा शब्द येथे व्यापारी संस्था या अर्थाने नव्हे तर कारखाना या अर्थाने रूढ झाला. ‘कंपनीत जातो’ म्हणजे पाळीवर जातो.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात येथे संरक्षण खात्याचा आयुधनिर्माणी कारखाना आणि यंत्रनमुने तयार करणारा कारखाना असे दोन मोठे सरकारी उद्योग आले आणि त्यांच्याबरोबर वसाहती, शाळा व देशाच्या सर्व प्रांतांतले लोक आले. आयुधनिर्माणी मंडळ १ ऑक्टोबर २०२१ रोजी विसर्जित होऊन त्याच्या जागी सात कंपन्या झाल्या. येथील कामगारांच्या बोलण्यात मात्र ‘ऑर्डनन्स’ हेच नाव कायम आहे.

याच सुमारास शेजारी एक सबंध नवे शहर जन्माला आले होते. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करी छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिच्या बराकींत उतरविण्यात आले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते वसाहतीचे उल्हासनगर असे नामकरण झाले. नाव उल्हास नदीवरून घेतले. पण उल्हास म्हणजे आनंद हा अर्थही नाव देणाऱ्यांच्या मनात नसेल असे म्हणवत नाही. घर, जमीन आणि गाव हरवलेल्या माणसांच्या वस्तीला आनंदनगर म्हणणे यात शासनाचा सदिच्छाभावही दिसतो आणि त्याची मर्यादाही. रहिवाशांनी ते नाव पत्त्यासाठी घेतले. रोजच्या बोलण्यात ‘कॅम्प नंबर चार’, ‘कॅम्प नंबर पाच’ हेच चालू राहिले, आणि छावणी उठून पाऊण शतक झाले तरी ते चालू आहे. सिंधी भाषेला घटनेच्या आठव्या परिशिष्टात १९६७ साली स्थान मिळाले, तिला स्वतःचे राज्य मात्र नाही. तेव्हा उल्हासनगरच्या दुकानांवरील पाट्या आणि कॅम्पांचे क्रमांक हीच तिच्या भूगोलाची एक खूण म्हणावी लागेल. सिंधी बोलीवर मराठीचा आणि येथील मराठीवर सिंधीचा काय परिणाम झाला हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे.

१ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. मुंबईतील गर्दी कमी करून उद्योग बाहेर न्यावेत, भूखंड, रस्ते, वीज व पाणी आधी तयार ठेवून कारखानदारास बोलवावे, ही त्यामागील कल्पना. अंबरनाथ परिसरात मोरिवली-चिखलोलीकडे आणि पुढे जांभिवलीकडे आनंदनगर येथे महामंडळाची औद्योगिक क्षेत्रे झाली. बदलापूरजवळ बारवी नदीवर महामंडळाने स्वतःचे धरण बांधले आणि त्याचे पाणी आज कारखान्यांइतकेच शहरांनाही पुरते. येथपर्यंतचा इतिहास सरकारी अहवालांत मिळेल. त्यात न मिळणारी गोष्ट अशी की महामंडळाच्या इंग्रजी नावाची चार आद्याक्षरे, ‘एमआयडीसी’, लोकांनी जागेचे नाव म्हणून स्वीकारली. हे स्थित्यंतर भाषाशास्त्रदृष्ट्या लक्षणीय आहे. संस्थेचे नाव पुल्लिंगी वा नपुंसकलिंगी होऊ शकले असते. मराठीने ते स्त्रीलिंगी केले, बहुधा मनातल्या ‘वसाहत’ शब्दामुळे. त्याला मराठीचे विभक्तिप्रत्यय लागले : एमआयडीसीत, एमआयडीसीतून, एमआयडीसीकडे. नंतर विशेषनामाचे सामान्यनाम झाले : अमुक तालुक्यात एमआयडीसी आली, तमुक तालुक्यात मंजूर झाली. पल्लीची वली होण्यास शतके लागली. येथे एका पिढीत संस्था, जागा आणि जागेचा प्रकार असे तीन अर्थ एका आद्याक्षरी शब्दाने घेतले. शिलाहारकाळी ‘पल्ली’ जे काम करीत होती तेच काम विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘एमआयडीसी’ करू लागली, असे म्हटले तर ते अतिशयोक्त ठरू नये.

मात्र एक फरक आहे, आणि तो वरवरचा नाही. पल्लीचे नाव वस्ती असेपर्यंत टिकते. कारखान्याचे नाव कारखाना गेल्यावरही काही काळ लटकत राहते व मग गळून पडते. विमकोचा कारखाना बंद पडला, पण ‘विमको नाका’ आहे. तेथे रिक्षा थांबतात, भाजी विकली जाते, आणि विमको ही आगपेट्या करणारी कंपनी होती हे ठाऊक नसलेला तरुण नाक्याचे नाव बिनचूक सांगतो. धरमसी मोरारजीच्या येथील कारखान्यातील उत्पादनही थांबले. मोकळ्या झालेल्या गिरणी-कारखान्यांच्या जमिनींवर मुंबई परिसरात सर्वत्र जे होते तेच येथे होत आहे : उंच इमारती, आणि त्यांना स्थानिक भूमीशी कसलाही संबंध नसलेली इंग्रजी नावे. अशा इमारतीतील रहिवासी आपला पत्ता सांगताना इमारतीचे नाव आधी सांगतो आणि नाका मागाहून. आणखी एका पिढीनंतर नाका सांगण्याची गरज उरणार नाही.

इतरत्र याला वेगळे वळण लागलेले आहे. जर्मनीच्या सार प्रांतात फ्योल्क्लिंगन नावाचे लहान शहर आहे. वस्ती चाळीस हजारांच्या आसपास. तेथील लोखंडाचा कारखाना १८७३ साली सुरू झाला आणि १९८६ साली बंद पडला. तो पाडून भूखंड विकण्याऐवजी भट्ट्यांसह जतन करण्यात आला आणि १९९४ साली जागतिक वारशाच्या यादीत दाखल झाला. दोन्ही महायुद्धांत तेथे सक्तीने राबविलेल्या परदेशी मजुरांची नोंदही त्या वास्तूच्या इतिहासातून वगळलेली नाही. त्यांचे स्मारक तेथेच आहे. अंबरनाथचे कारखाने त्या तोडीचे नव्हते आणि सारेच जतन करण्याजोगे होते असेही नाही. परंतु भारतातील आरंभीच्या रासायनिक उद्योगाची आणि स्वीडिश भांडवलाच्या आगपेटीची एखादी भिंत, एखादा भोंगा, हजेरीपटाचे एखादे बाड शहराने जपून ठेवले असते तर देवालयाच्या शेजारी दुसरे स्मारक उभे राहिले असते. अलीकडे देवालयाच्या परिसराच्या सुशोभीकरणाची मोठी योजना शासनाने हाती घेतली. कारखान्यांच्या इतिहासासाठी तशी कोणतीही तरतूद ऐकिवात नाही.

देवालय आणि कारखाना यांना जोडणारी एक वस्तू मात्र प्रत्यक्ष वाहते आहे. वालधुनी नदी काकोळ्याकडच्या डोंगरात उगम पावते, शिवालयाच्या पायथ्यावरून जाते आणि अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण अशी शहरे ओलांडून उल्हासेस मिळते. नदीकाठची जागा निवडूनच शिलाहारांनी देऊळ बांधले. आज तिला या परिसरात ‘नाला’ म्हणतात, जुने लोक ‘नदी’ म्हणतात. २०१४ सालच्या नोव्हेंबरअखेर तिच्या पात्रात टँकरमधून ओतलेल्या रसायनांमुळे विषारी वायू पसरून शेकडो लोकांना रुग्णालयात न्यावे लागले. त्या वेळच्या बातम्यांतही तिचा उल्लेख कोठे नदी, कोठे नाला असा झाला. एखाद्या जलप्रवाहाचे जातिवाचक नाव बदलणे ही साधी गोष्ट नव्हे. नदीला कायद्याचे, पूजेचे आणि लोकलज्जेचे संरक्षण असते. नाल्यात काहीही टाकता येते. शब्द बदलला म्हणून पाणी बिघडले असे कोणी म्हणणार नाही. पण पाणी बिघडल्यावर शब्द बदलला, आणि मग त्या शब्दाने पुढची घाण सोयीची करून ठेवली, हा क्रम भाषेच्या अभ्यासकाने नोंदविला पाहिजे.

नगरपालिकांच्या सीमाही या काळात हलत राहिल्या. १९८३ साली कल्याण महानगरपालिका झाली तेव्हा अंबरनाथ व बदलापूर तिच्यात विलीन झाली. १९९२ साली ती पुन्हा वेगळी झाली. २०११ च्या जनगणनेत अंबरनाथची लोकसंख्या अडीच लाखांच्या घरात गेली. या अडीच लाखांतील फार थोड्यांच्या पूर्वजांनी शिलाहारांचे राज्य पाहिले असेल. बहुतेकांचे आजोबा-पणजोबा पाळीच्या निमित्ताने, छावणीच्या निमित्ताने किंवा मुंबईत घर परवडत नाही म्हणून येथे आले. त्यांना शहराचा इतिहास आपला वाटावा अशी इच्छा असेल तर तो १०६० साली संपता कामा नये.

यासाठी लागणारी सामग्री अजून पूर्णपणे हरवलेली नाही. महसूल खात्याच्या सातबारा उताऱ्यात ‘शेताचे स्थानिक नाव’ असा एक रकाना असतो. चिखलोली, मोरिवली, जांभिवलीच्या शिवारातील ज्या जमिनी महामंडळाने संपादन केल्या त्यांचे सर्व्हे नंबर मोडून भूखंड क्रमांक पडले, आणि तो रकाना निरुपयोगी झाला. परंतु संपादनापूर्वीचे जुने उतारे व फेरफार तलाठ्याच्या आणि तहसीलदाराच्या दप्तरात असतात. त्यांत ज्या शेतांची नावे लिहिली गेली ती तेथे मिळतील. जी लिहिली गेली नाहीत ती गावठाणांत राहणाऱ्या वृद्ध शेतकऱ्यांच्या तोंडी आहेत : कोणते शेत कोणत्या झाडावरून, कोणते ओढ्यावरून, कोणते एखाद्या विस्मृत माणसावरून ओळखले जाई. अंबरनाथ आणि बदलापूर यांच्या मध्ये चिखलोली नावाचे रेल्वे स्थानक मंजूर झाले, तेव्हा ते एक नाव तरी उद्घोषणेत ऐकू येईल. बाकीची शेतनावे भूखंड क्रमांकांखाली आहेत, आणि ती सांगू शकणारी माणसे ऐंशीच्या घरात आहेत.